शेअर्ड व्हीपीसीतला सबनेट सारखा भरतो? रेंज वाढवण्याआधी आणि वाढवल्यावर काय तपासायचं

सोमवार ते शुक्रवार सकाळी पावणेनऊच्या सुमारास नवे व्हीएम, म्हणजे क्लाउडवरची आभासी यंत्रं, उभे राहायचे थांबतात. दुपारी साडेतीन वाजून गेले की सगळं आपोआप सुरळीत. शनिवार-रविवारी एकही तक्रार नाही. मुंबईत शेअर ब्रोकिंगची प्रणाली क्लाउडवर चालवणाऱ्यांना हे वेळापत्रक नवं नाही. बाजार सव्वानऊला उघडतो, त्याआधी ऑटोस्केलर (गरजेनुसार यंत्रं आपोआप कमी-जास्त करणारी सोय) यंत्रांची संख्या वाढवायला घेतो आणि सबनेटमधले, म्हणजे नेटवर्कच्या त्या तुकड्यातले, आयपी पत्ते संपतात. मग होस्ट प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांना (शेअर्ड व्हीपीसी म्हणजे अनेक प्रोजेक्टांनी वाटून वापरायचं खासगी नेटवर्क; ते ज्याच्या मालकीचं तो होस्ट प्रोजेक्ट, वापरणारे ते सर्व्हिस प्रोजेक्ट) फोन जातो, रेंज दुप्पट होते, तिकीट बंद होतं. काही महिन्यांनी तोच एरर पुन्हा दारात.

गूगल क्लाउडमध्ये सबनेटची मुख्य रेंज वाढवणं हे मिनिटाभराचं काम आहे. चालू व्हीएम बंद करावे लागत नाहीत, रीस्टार्टही लागत नाही. पण एकदा वाढवलेली रेंज परत लहान करता येत नाही. /२४ ची /२२ केली की ती कायमची /२२ (रेघेपुढचा आकडा म्हणजे प्रीफिक्सची लांबी; तो एकाने कमी झाला की पत्ते दुप्पट होतात). चुकीच्या दिशेला वाढली तर सगळे व्हीएम दुसरीकडे हलवून सबनेट पुसणं एवढाच मार्ग उरतो. म्हणून कमांडला हात लावण्याआधीची तपासणी इथे जरा सविस्तर दिली आहे. उदाहरणात रीजन (डेटा सेंटरांचा भौगोलिक विभाग) मुंबईचं, म्हणजे एशिया-साउथ१, आणि सबनेट १०.२०.६.०/२४ धरला आहे.

आधी एरर नीट वाचा

तीन एरर दिसायला सारखे आहेत आणि घाईत तिघांनाही "आयपी संपले" म्हटलं जातं. "आयपी स्पेस एक्झॉस्टेड" आला तरच विषय पत्त्यांचा. "झोन रिसोर्स पूल एक्झॉस्टेड" म्हणजे त्या झोनमध्ये (रीजनच्या त्या उपविभागात) त्या प्रकारची यंत्रं त्या घडीला शिल्लक नाहीत. तिथे सबनेट कितीही मोठा केला तरी फरक पडणार नाही, दुसरा झोन किंवा दुसरा मशीन टाइप घ्यावा लागतो. "कोटा एक्सीडेड" म्हणजे प्रोजेक्टची मर्यादा गाठली, ती वाढवून मागायची. बाजार उघडतानाच्या गर्दीत हे तिन्ही एकाच सकाळी येऊ शकतात, त्यामुळे लॉग एक्सप्लोररमध्ये एररचा पूर्ण मजकूर उघडून पाहा.

खऱ्या आयपीच्या एररमध्ये सबनेटचं नाव दिलेलं असतं. नावापुढे पॉड्सच्या (कंटेनर चालवणाऱ्या छोट्या एककांच्या) सेकंडरी रेंजचं, म्हणजे सबनेटला जोडलेल्या जादा रेंजचं, नाव जोडलेलं असेल तर तिथेच थांबा. तो मामला वेगळा आहे आणि मुख्य रेंज वाढवून तो सुटत नाही.

जीकेई असेल तर: भरली ती कुठली रेंज?

जीकेई ही गूगलची कुबरनेटीस, म्हणजे कंटेनर चालवण्याची सेवा. तिच्या व्हीपीसी-नेटिव्ह क्लस्टरमध्ये नोडला (पॉड ज्यावर चालतात त्या व्हीएमला) पत्ता सबनेटच्या मुख्य रेंजमधून मिळतो, पॉडला सेकंडरी रेंजमधून. एका नोडवर जास्तीत जास्त ११० पॉड ही स्टँडर्ड क्लस्टरची मूळ मर्यादा ठेवली, तर जीकेई प्रत्येक नोडसाठी पॉड रेंजमधला अख्खा /२४ बाजूला काढतं, मग त्या नोडवर पॉड दहा असोत वा शंभर. आता पॉड रेंज /२० असेल तर तिच्यात /२४ चे तुकडे फक्त १६. म्हणजे सतरावा नोड येणारच नाही. मुख्य रेंजमध्ये दोनशे पत्ते मोकळे दिसताहेत आणि तरी नोड येत नाही, या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

उपाय दोन. नोडमागे इतके पॉड लागतच नसतील तर कमाल पॉड ३२ ठेवून नवा नोड पूल बनवा. मग नोडमागे /२६ जातो आणि त्याच /२० मध्ये ६४ नोड मावतात. जुन्या पूलवर ही संख्या बदलता येत नाही, नवा पूल करून काम तिकडे सरकवावं लागतं. दुसरा उपाय, होस्ट प्रोजेक्टमध्ये त्याच सबनेटला आणखी एक सेकंडरी रेंज जोडून ती क्लस्टरला अतिरिक्त पॉड रेंज म्हणून द्यायची. सर्व्हिस प्रोजेक्टच्या टीमला ही रेंज स्वतः बनवता येत नाही, नेटवर्क ॲडमिनकडेच मागावी लागते. तेव्हा मागणीत "आयपी वाढवून द्या" असं मोघम न लिहिता "पॉडसाठी सेकंडरी रेंज हवी" असं स्पष्ट लिहा. मोघम मागणीवर मुख्य रेंज वाढवून मिळते आणि दुसऱ्या सकाळी एरर जिथल्या तिथे.

पॉडसाठी १००.६४.०.०/१० मधला भाग वापरता येतो. १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची टंचाई झाली असेल तर हा चांगला पर्याय आहे. मात्र ऑफिसच्या नेटवर्कमध्ये किंवा इंटरनेट देणाऱ्याच्या बाजूला तोच भाग आधीच वापरात नाही ना, हे आधी विचारून घ्या.

पत्ते खातंय कोण?

/२४ मध्ये २५६ पत्ते, त्यातले चार गूगल क्लाउड राखून ठेवतं: पहिले दोन आणि शेवटचे दोन. हाताशी उरतात २५२. शेअर्ड व्हीपीसीत हा हिशोब एका ठिकाणी दिसत नाही, कारण सबनेट होस्ट प्रोजेक्टचा आणि व्हीएम मात्र सर्व्हिस प्रोजेक्टांमध्ये विखुरलेले. होस्ट प्रोजेक्टमध्ये व्हीएमची यादी काढली तर ती जवळजवळ रिकामी येते आणि "इथे तर काहीच नाही" असा गैरसमज होतो. जोडलेल्या प्रत्येक सर्व्हिस प्रोजेक्टची यादी वेगवेगळी काढून सबनेटनुसार गाळावी लागते. नेटवर्क इंटेलिजन्स सेंटरमधला नेटवर्क ॲनालायझर सबनेट किती भरला हे दाखवतो, पण कुणी भरला ते यादीतूनच कळतं.

यादीत हमखास सापडणारे गिऱ्हाईक असे. बंद करून ठेवलेले व्हीएम: व्हीएम थांबवला तरी त्याचा अंतर्गत पत्ता सुटत नाही, तो पुसावाच लागतो. "लागला तर सुरू करू" म्हणून ठेवलेली टेस्टिंगची यंत्रं सकाळच्या गर्दीत जागा अडवून बसलेली असतात. त्यानंतर राखून ठेवलेले पण कुठेच न जोडलेले स्टॅटिक अंतर्गत पत्ते. हे सर्व्हिस प्रोजेक्टमध्ये नोंदवले जातात, त्यामुळे होस्टच्या यादीत दिसत नाहीत. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये स्थिती "रिझर्व्ह्ड" असलेले पत्ते गाळून पाहा. वापरात असलेल्यांची स्थिती "इन यूज" असते. अंतर्गत लोड बॅलन्सर आणि प्रायव्हेट सर्व्हिस कनेक्टचे एंडपॉइंट एकेक पत्ता घेतात, ते मोजायला विसरू नका.

आणि रात्रीच्या बॅचचे वर्कर. डेटाफ्लो किंवा डेटाप्रॉक या डेटा-प्रक्रियेच्या सेवांचा प्रत्येक वर्कर हा एक व्हीएमच असतो. पहाटे संपायचा जॉब महिनाअखेरीला लांबला की त्याचे ३०-४० वर्कर पावणेनऊलाही जिवंत असतात. रोज नाही, महिन्यातले दोन-चार दिवसच एरर येतो अशी तक्रार असेल तर आधी बॅचची वेळ पाहा. अशा जॉबला स्वतःचा वेगळा सबनेट देणं हा रेंज वाढवण्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग.

रोलिंग अपडेटचंही गणित धरा. सकाळचं शिखर १८० व्हीएमचं असेल तर /२४ पुरेल असं वाटतं. पण नवी आवृत्ती आणताना जुना गट तसाच ठेवून शेजारी तेवढाच नवा उभा करायची पद्धत असेल तर ३६० पत्ते लागतात आणि /२४ तिथेच संपतो. /२३ मध्ये ५०८ मिळतात, /२२ मध्ये १०२०. वाढवायचंच असेल तर शिखर, अपडेटची भर आणि वर्षभराची वाढ एकत्र धरून एकदाच वाढवा. दर खेपेला एकेक बिट ढकलत राहिलं तर शेजारची जागा तोवर दुसरं कुणी घेतं.

शेजारची जागा मोकळी आहे का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कमांडमध्ये नवा पत्ता द्यायचा नसतो, फक्त प्रीफिक्सची लांबी द्यायची असते. सुरुवातीचा पत्ता गणितानेच ठरतो आणि प्रत्येक सबनेटचा जोडीदार ठरलेला असतो. जोडी फ्लॅट करायचा तर भिंत ज्याच्याशी सामायिक आहे तोच फ्लॅट घ्यावा लागतो, जिन्यापलीकडचा रिकामा असून उपयोग नाही. इथेही तसंच आहे.

१०.२०.६.०/२४ चा जोडीदार १०.२०.७.०/२४. दोन्ही मिळून १०.२०.६.०/२३. पण आणखी एक पायरी चढून /२२ केलं की रेंज वर न जाता खाली सरकते: १०.२०.४.० ते १०.२०.७.२५५. म्हणजे ४ आणि ५ मोकळे हवेत. ८ आणि ९ मोकळे असून काहीच उपयोग नाही. मूळ सबनेट १०.२०.५.०/२४ असता तर पहिल्याच पायरीला तो खाली, ४ कडे गेला असता. तिसऱ्या आकड्याकडे पाहा: सम असेल तर /२३ वर जातो, विषम असेल तर खाली.

ही जागा कुणाकुणाशी भिडते ते पाहा. त्याच व्हीपीसीतले सगळ्या रीजनचे सबनेट, फक्त मुंबईचे नव्हेत. त्यांच्या सेकंडरी रेंज. पिअरिंग केलेल्या, म्हणजे थेट जोडलेल्या, दुसऱ्या नेटवर्कचे सबनेट. क्लाउड एसक्यूएलसारख्या सेवांसाठी राखून दिलेल्या रेंज, ज्या सबनेटच्या यादीत दिसत नाहीत, व्हीपीसीच्या प्रायव्हेट सर्व्हिसेस ॲक्सेसच्या टॅबमध्ये दिसतात. सर्व्हरलेस व्हीपीसी ॲक्सेस कनेक्टरचा /२८, जो कुणीतरी कधीतरी मधोमध टाकून ठेवलेला असतो. स्टॅटिक रूट. यातल्या कशाशीही भिडलं तर कमांड नकार देते, आणि ते बरंच आहे.

धोका आहे तो ज्याला कमांड नकार देत नाही त्याचा. समजा अंधेरीच्या शाखेचं लॅन १०.२०.७.०/२४ वर आहे आणि तो रूट बीजीपीवरून (राउटर एकमेकांना वाटा कळवतात तो प्रोटोकॉल) क्लाउड राउटरकडे येतो. सबनेट /२३ केला की तो रूट सबनेटच्या पोटात जातो आणि गूगल क्लाउड त्याला जुमानत नाही. कमांड यशस्वी झालेली असते, कुठेही लाल रंग नसतो, पण अंधेरीकडे जाणारी सगळी डेटा-पॅकेट्स सबनेटमध्येच अडकून पडतात. म्हणून वाढवण्याआधी क्लाउड राउटरची स्थिती काढून, शिकलेल्या रूटांची यादी नव्या रेंजशी ताडून पाहा. शाखांच्या नेटवर्कचा एक्सेल कुणाकडे तरी असतो, त्यावर मात्र विसंबू नका.

१७२.१७.०.०/१६ च्या वाटेला जाऊच नका. डॉकरचा मूळ ब्रिज तोच भाग वापरतो आणि प्रायव्हेट आयपीवरच्या क्लाउड एसक्यूएललाही तिथून जोडणी मिळत नाही.

प्रत्यक्ष वाढवताना

काम होस्ट प्रोजेक्टमध्ये करायचं. सर्व्हिस प्रोजेक्टच्या कन्सोलमध्ये सबनेट दिसतो, बदलता येत नाही. ४०३ येऊन एक्स्पांड-आयपी-सीआयडीआर-रेंज नावाची परवानगी नसल्याचं सांगितलं जात असेल तर नेटवर्क यूजर या भूमिकेवर हे होत नाही, होस्ट प्रोजेक्टवर कम्प्युट नेटवर्क ॲडमिन लागतो.

जीक्लाउडमध्ये कम्प्युट, नेटवर्क्स, सबनेट्स या क्रमाने जाऊन एक्स्पांड-आयपी-रेंज ही उपकमांड, पुढे सबनेटचं नाव, रीजन आणि प्रीफिक्स-लेंग्थ २२. ती खात्री करून घेते, तिथे दाखवलेली रेंज वाचा आणि मगच हो म्हणा. नंतर डिस्क्राइब चालवून सुरुवातीचा पत्ता १०.२०.४.० झाला का ते पाहा. ऑटो मोडच्या नेटवर्कमधले सबनेट /२० चे असतात आणि ते /१६ पर्यंतच वाढतात, त्यापुढे जायचं तर आधी नेटवर्क कस्टम मोडमध्ये न्यावं लागतं आणि तेही एकेरीच. लोड बॅलन्सरसाठीचा प्रॉक्सी-ओन्ली सबनेट या कमांडने वाढत नाही. त्याला बॅकअप भूमिकेतला मोठा सबनेट बनवून तो सक्रिय करावा लागतो.

बाजार चालू असताना करू नका. व्हीएमला धक्का लागत नाही हे खरं, पण बीजीपीची जाहिरात बदलते आणि तिचा परिणाम पुढच्या भागात दिसेल. साडेतीननंतर, शक्यतो शनिवारी, आणि त्या शनिवारी मॉक ट्रेडिंग नाही हे बघून.

"काही व्हीएम चालतात, काही नाही"

रेंज वाढल्यानंतर येणारी ही सगळ्यात नेहमीची तक्रार. यंत्रं उभी राहतात, हेल्थ चेक हिरवा असतो, पण दर पाच-सहातल्या एकाला डेटाबेस सापडत नाही, म्हणून टीम ॲप्लिकेशनमध्ये दोष शोधत बसते. त्या यंत्राचा पत्ता पाहा. तो १०.२०.६ चा नसून ४, ५ किंवा ७ चा असेल तर उत्तर मिळालं: वाटेत कुणीतरी अजून जुना /२४ च ओळखतंय.

फायरवॉल नियमांमध्ये सोर्स रेंज हाताने लिहिलेली असते, ती सबनेटबरोबर वाढत नाही. ऑफिसच्या आणि डेटा सेंटरच्या फायरवॉलवर तेच. डेटाबेसच्या स्वतःच्या परवानगी फाइलमध्ये, एपीआय देणाऱ्या भागीदाराकडे, लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हरवर, सगळीकडे १०.२०.६.०/२४ शोधून काढा. कनेक्टिव्हिटी टेस्ट्स चालवताना सोर्स म्हणून मुद्दाम नव्या भागातला व्हीएम द्या, जुना दिला तर सगळं ठीकच दिसेल. क्लासिक व्हीपीएनचा टनेल असेल आणि त्यात ट्रॅफिक सिलेक्टर (कुठल्या पत्त्यांची वाहतूक टनेलमधून जाईल ते ठरवणारी नोंद) जुन्या रेंजचा असेल तर तो बदलता येत नाही, टनेल पुसून नवा बांधावा लागतो.

याच्या अगदी उलट चित्र दिसलं, म्हणजे जुने व्हीएमसुद्धा डेटा सेंटरपासून तुटले, तर तिथल्या राउटरची प्रीफिक्स लिस्ट तपासा. क्लाउड राउटर आता /२४ ऐवजी /२२ जाहीर करतो. समोर "१०.२०.६.०/२४ तंतोतंत" एवढीच परवानगी असेल तर /२२ नाकारला जातो आणि जुना /२४ तर आता जाहीरच होत नाही. सगळा सबनेट अंधारात. राउटरवर १०.२०.४.०/२२ आणि त्यातले /२४ पर्यंतचे तुकडे चालतील असा नियम आधी टाका, रेंज नंतर वाढवा. हा क्रम उलटा झाला की शनिवार वाया जातो. क्लाउड राउटरवर कस्टम जाहिरात लावलेली असेल तर त्या यादीतली रेंज हातानेच बदलावी लागते.

क्लाउड नॅटचं (अंतर्गत पत्त्याच्या व्हीएमना इंटरनेटवर नेणाऱ्या सेवेचं) गणित तर नेमकं /२२ वरच फसतं. एका बाहेरच्या पत्त्यावर ६४,५१२ पोर्ट असतात. व्हीएममागे किमान ६४ पोर्ट धरले तर १००८ व्हीएम बसतात, सबनेटमध्ये मात्र आता १०२० ना जागा आहे. आणि कुणी किमान पोर्ट १०२४ करून ठेवले असतील, जे बरेच जण करतात, तर एका पत्त्यावर फक्त ६३. मॅन्युअल वाटप असेल तर पुढच्या व्हीएमना बाहेर जाताच येत नाही. ऑटो असेल तर नॅट गुपचूप नवा बाहेरचा पत्ता घेतं, जो भागीदाराच्या व्हाइटलिस्टमध्ये नसतो. बाहेरचे पत्ते मॅन्युअल ठेवून, दोन जास्तीचे आधीच मंजूर करून घेणं बरं.

टेराफॉर्म

टेराफॉर्म म्हणजे क्लाउडची रचना कोडमध्ये लिहून राबवायचं साधन. घाईच्या सकाळी कन्सोलमधून /२२ केलं आणि कोडमध्ये /२४ तसाच राहिला, तर पुढच्या प्लॅनमध्ये टेराफॉर्मला हे आकसणं वाटतं. आकसता येत नाही म्हणून तो सबनेट पुसून नवा बनवायचा बेत मांडतो. वापरात असलेला सबनेट पुसला जात नाही आणि अप्लाय एररवर थांबतो, पण रिकाम्या सबनेटला हे संरक्षण नाही. कोडमध्ये ओळ लगेच बदला, आणि बदलताना सुरुवातीचा पत्ताही: १०.२०.६.०/२२ असं लिहिणं चूक, १०.२०.४.०/२२ बरोबर. उलट दिशेने, कोडमधूनच मोठी रेंज लिहून अप्लाय केलं तर सबनेट जागच्या जागी वाढतो.

जोडीदार मोकळा नसेल तर

मग नवा सबनेट. त्याची खरी कटकट परवानग्यांची: वाढवलेल्या सबनेटवर जुन्या परवानग्या तशाच राहतात, नव्यावर त्या परत द्याव्या लागतात. माणसांना नेटवर्क यूजर देऊन काम संपत नाही. सर्व्हिस प्रोजेक्टच्या गूगल एपीआय सर्व्हिस एजंटला ती भूमिका नसेल तर हाताने व्हीएम बनतो पण मॅनेज्ड इन्स्टन्स ग्रुपला (सारख्या व्हीएमच्या आपोआप सांभाळल्या जाणाऱ्या गटाला) तो बनवता येत नाही, आणि जीकेईच्या सर्व्हिस एजंटला नसेल तर क्लस्टर अडतो.

एडब्ल्यूएसवर सबनेटचा आकार मुळात बदलताच येत नाही. तिथे मालक खात्यातून व्हीपीसीला दुसरा सीआयडीआर (पत्त्यांची रेंज) जोडायचा, त्यात नवा सबनेट करायचा आणि तो रिसोर्स ॲक्सेस मॅनेजरमधून बाकी खात्यांना द्यायचा. राखीव पत्ते तिथे सबनेटमागे पाच.

डीआर, म्हणजे आपत्तीसाठीची पर्यायी व्यवस्था, दिल्लीच्या रीजनमध्ये असेल तर तिथला सबनेट वेगळा आहे आणि तो आपोआप वाढलेला नाही. मुंबईत १०२० ची जागा केली आणि दिल्लीत /२४ च राहिला, तर पुढच्या ड्रिलमध्ये २५३ वा व्हीएम उभा राहणार नाही. दिल्लीच्या जोडीदाराची जागा त्याच बैठकीत तपासून त्याच शनिवारी वाढवून घ्या.